सगळ्यांचं उत्तर नऊशे ऐंशी

लॉग टेबल म्हटलं की लोकांना आकडे आठवत असतील. मला थुंकी आठवते.

शी! आत्ता नुसतं लिहितानासुद्धा अंगठा ओढणीला पुसला मी. आमच्या सोलापुरातल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबच्या दाराशी एक निळं प्लॅस्टिकचं टोपलं असायचं आणि त्यात लॉग टेबलची पातळ पुस्तकं कोंबलेली असायची. किती बॅचेस त्यांच्यावरून गेल्या होत्या देव जाणे. प्रत्येक जण अंगठा जिभेला लावणार आणि पान उलटणार. खालचा उजवा कोपरा सगळ्या पुस्तकांचा काळा, तुळतुळीत आणि जरासा चिकट. एका पुस्तकात तर मावा खाणाऱ्या कुणीतरी पानभर लाल शिंतोडे उडवून ठेवले होते. नेमके साठाच्या खालच्या रांगांवर. तिथला आकडा हवा असला की त्या डागातून वाचायचा.

तंबाखूचं मला वावडं नाही. आम्ही कुंभारीच्या घरकुलात राहतो आणि माझी आई विड्या वळते. आईला आम्ही अम्मा म्हणतो, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. घरभर तंबाखूचा वास असतो, माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. पण तो कोरडा, कामाचा वास. कुणाच्या तरी तोंडातून फिरून आलेली तंबाखू वेगळी आणि सुपातली वेगळी. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

स्वतःचं कोरं लॉग टेबल आणलं असतं की, असं कुणी म्हणेल. आणलं होतं. पण प्रॅक्टिकल घेणारे सर ते बघायचे, पानं फर्रकन उलटायचे आणि म्हणायचे, "आत पेन्सिलीनं फॉर्म्युले लिहिले असतील. टोपल्यातलं घ्या." पोरं खरंच लिहायची म्हणा. पण पेन्सिलीच्या भीतीनं वर्षभर दुसऱ्याची थुंकी बोटाला लावून घ्यायची, ही कुठली रीत? मी पान उलटायला पेनाचं टोपण वापरायचे. त्यावर पोरी हसायच्या, "आली बघा सोवळ्याची."

ज्यांना लॉगशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगते, यात अवघड काही नाही. मोठमोठे गुणाकार-भागाकार कागदावर करत बसायला नको म्हणून हे टेबल. प्रत्येक आकड्याचा एक लॉग असतो. आकडे गुणायचे असतील तर त्यांचे लॉग मिळवायचे, भागायचे असतील तर वजा करायचे, आणि आलेल्या आकड्यावरून मागच्या पानावर उलटं बघून उत्तर काढायचं. त्याला अँटिलॉग म्हणतात. फोनवर हे चुटकीसरशी होतं हे मलाही कळतं. पण बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबल चालतं, म्हणून अकरावीपासून हात बसवायचा.

आणि खरं सांगू? पुस्तकाची घाण सोडली तर मला लॉग आवडायचा. उभ्या रांगेत एकवीस शोधायचं, आडवं सरकत एकाच्या खाली थांबायचं, मग अगदी टोकाला जे बारीक रकाने असतात त्यात तिनाखालचा आकडा बघून मिळवायचा. झालं. एवढा अक्राळविक्राळ गुणाकार आणि त्याची निमूट बेरीज होऊन जाते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बाकावर एकटीच हसले होते.

म्हणून तर सरांचं बोलणं इतकं लागलं.

अकरावीला लंबकाचा प्रयोग असतो. स्टँडला दोरा बांधायचा, दोऱ्याला पितळी गोळी लटकवायची, दोऱ्याची लांबी मोजायची. मग गोळीला हलकेच झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरानं ओढते तो आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊशे ऐंशी दिलेला असतो. लॅबमध्ये चालू स्टॉपवॉच एकच होतं, चावीचं, जुन्या पद्धतीचं, मुठीत मावेल एवढं. ते सरांच्या ड्रॉवरमध्ये लोहचुंबकाच्या कांड्यांशेजारी पडलेलं असायचं.

मी झोके मोजले. लॉग बघितले. उत्तर आलं आठशे सत्याऐंशी.

परत केलं. आठशे नव्वद. पुढच्या आठवड्यात स्टॉपवॉच पुन्हा मागून घेतलं, तेव्हा आठशे पंच्याऐंशी. सरांनी जर्नल बघितलं. जर्नल म्हणजे प्रयोगांची वही, तिच्यावर सरांची सही झाल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. त्यांनी अंगठा जिभेला लावला, माझं पान उलटलं, पुन्हा अंगठा जिभेला लावला, पुन्हा पान उलटलं. मग सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "ए, तुला लॉग बघता येत नाही. सगळ्यांचं नऊशे ऐंशी आलंय, तुझंच कसं शंभरानं पडतं गं? ज्याला लॉग येत नाही त्यानं सायन्सला कशाला यायचं? आर्ट्सला जा. तिकडं काय मोजायचं नसतंय."

पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे आर्ट्सचं बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. त्या कॉलेजात अकरावीतून गळलेल्या पोरांना खरंच 'शिफ्ट' करायचे. आमच्या घरकुलाच्या ओळीत सायन्सला गेलेली मी पहिलीच पोरगी. वडील ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. त्यांचं म्हणणं होतं, आर्ट्स घे आणि जवळच्या कॉलेजात जा. अम्मा त्यांच्याशी भांडली होती. माझ्या जिवावर भांडली होती. आणि मग नळावर, बसमध्ये, विडी कारखान्याच्या ओट्यावर, जिथं माणूस भेटेल तिथं सांगत सुटली होती, "माजी पोरगी सायनला हाय." सायन्स तिला म्हणता यायचं नाही. आता त्याच बायकांना ती काय सांगणार होती?

म्हणून मी हट्टाला पेटले. घरी ओट्यावर बसून सगळे लॉग पुन्हा बघितले. ओळीवर पट्टी धरून बघितले. शेवटी अम्माचा फोन घेतला आणि त्याच्या कॅल्क्युलेटरवर सगळं करून पाहिलं. आठशे सत्याऐंशी! माझा लॉग बरोबर होता. अगदी दाणा न दाणा बरोबर होता. मी दुसऱ्या दिवशी उड्या मारत सरांकडे गेले.

"सर, कॅल्क्युलेटरवर पण तेच उत्तर येतंय."

सरांनी वर बघितलं. "कॅल्क्युलेटर वापरलास? कुणी परवानगी दिली?"

कपाळ माझं! मी वही उचलून परत आले. पण डोक्यात एक भुंगा बसला. मी मोजताना चुकत असते तर दर वेळी वेगळं चुकले असते. कधी नऊशे, कधी हजार, कधी आठशे. माझी चूक इतकी शहाण्यासारखी एकाच जागी का बसत होती?

माझ्या टेबलावर माझ्याबरोबर एक पोरगी असायची. ती कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला यायची, बाकी दिवसभर क्लासला. तिला मी विचारलं, बाई गं, तुझं नऊशे ऐंशी येतं तरी कसं? तू झोके मोजतेस कधी? मला तर तू गोळीला हात लावताना दिसली नाहीस.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येडी हाईस का तू? खरंच मोजायलीस व्हय? अगं, उलटं काढायचं असतंय की!"

मग तिनं मला दाखवलं. आधी खाली उत्तर लिहायचं, नऊशे ऐंशी. त्याचा लॉग बघायचा. तिथून पायरी पायरीनं वर चढत जायचं, जिथं मिळवायचं तिथं वजा करायचं, आणि शेवटी अँटिलॉग बघून झोक्यांचा वेळ काढायचा. तो वेळ वर 'रीडिंग' म्हणून लिहायचा. दोरा नको, गोळी नको, घड्याळ नको. वर तिची वही बघितली तर एक मीटर दोऱ्याच्या वीस झोक्यांना वेळ लिहिला होता ४०.१४ सेकंद.

मी म्हटलं, "अगं, घड्याळाच्या तबकडीवर सेकंदाचे पाचच भाग केलेत. त्यात ४०.२ दिसेल, ४०.१४ कुठून दिसलं तुला?"

"लॉगमधनं दिसलं," ती म्हणाली आणि खो खो हसली.

मग मी बाकीच्यांच्या वह्या बघितल्या. सगळीकडे ४०.१४. पुढच्या बाकावर ४०.१४, मागच्या बाकावर ४०.१४. एका बहाद्दरानं लॉग बघण्यात चूक केली होती आणि त्याच्या झोक्यांना सव्वाशे सेकंद लागले होते. त्याच्या आजूबाजूच्या चौघांनी तेही जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्याखाली उत्तर, नऊशे ऐंशी. त्याखाली सरांची सही! सव्वाशे सेकंदांत वीस झोके घेणारा लंबक छताच्या हुकाला बांधून जमिनीपर्यंत आणला तरी व्हायचा नाही. कुणी वाचलंच नव्हतं. अंगठा जिभेला, पान उलटलं, सही. अंगठा जिभेला, पान उलटलं, सही.

मला त्या वह्यांची किळस आली. टोपल्यातल्या पुस्तकांची किळस यायची ती हाताला यायची, धुतली की जायची. ही कुठं धुवायची? ज्या गोष्टीवर मी बाकावर एकटी हसले होते त्या गोष्टीचा हा उपयोग. लंबक समोर लटकतोय, फुकट झोके द्यायला तयार आहे, आणि पन्नास पोरं त्याच्याकडे पाठ करून खोटं काढायला लॉग बघतायत. आणि लॉग येत नाही म्हणून नाव कुणाचं, तर माझं.

मी सरांना सांगितलं, मी उलटं काढणार नाही. आवाज चढला असेल माझा, नाही कशाला म्हणू. सर म्हणाले, "जर्नलवर सही होणार नाही. पालकांना घेऊन ये."

अम्मा आली. मार्च महिना, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कुंभारीहून बसनं येऊन स्टँडवरून चालत आली होती. लग्नकार्याला नेसायची ती साडी नेसली होती आणि बोटं दगडानं घासून घासून तंबाखूचा पिवळेपणा काढायचा प्रयत्न केला होता. लॅबच्या दारात चपला काढायला लागली. मी म्हटलं, अम्मा, नको, चपला घाल. तरी तिनं काढल्याच.

"सर, काय चुकलं वो पोरीचं? लई आब्यास करती की ती."

"अभ्यास करते हो बाई, पण लॉग येत नाही तिला. सायन्सला लॉग पाहिजे. उत्तरच बरोबर येत नाही. आम्ही तरी किती दिवस ओढणार? आर्ट्सला टाका, पोरगी सुखी होईल."

अम्मानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर परवडलं असतं. ती घाबरली होती. नळावरच्या सगळ्या बायका तिच्या डोळ्यांसमोर उभ्या असणार.

त्या नजरेनं मला सुचलं म्हणा किंवा माझं डोकं फिरलं म्हणा. मी अम्माच्या हातातला फोन ओढून घेतला आणि सरांच्या उघड्या ड्रॉवरमधलं स्टॉपवॉच उचललं. फोनमध्येही स्टॉपवॉच असतंच. दोन्हीची बटणं एकदम दाबली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"एक मिनिट थांबा, सर."

खरंच एकच मिनिट लागलं. फोनवर साठ सेकंद झाले तेव्हा दोन्ही थांबवली. कॉलेजचं घड्याळ त्रेसष्टवर होतं. मिनिटाला तीन सेकंद पुढं पळत होतं ते! म्हणून माझे झोके लांबत होते, म्हणून उत्तर पडत होतं, आणि म्हणून दर वेळी सारखंच पडत होतं. मी तिथंच फोन हातात धरून शेजारच्या स्टँडवर मीटरभर दोऱ्याला लटकलेल्या गोळीला झोका दिला, वीस मोजले. ४०.२ सेकंद. टोपल्यातलं पहिलं हाताला लागलं ते पुस्तक घेतलं, टोपण शोधायला वेळ नव्हता, उघड्या बोटांनी पानं उलटली. उत्तर आलं नऊशे सत्त्याहत्तर.

नऊशे सत्त्याहत्तर! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. विड्या वळणाऱ्या बाईच्या फोनवर आणि त्या घाणेरड्या पुस्तकावर मी पृथ्वीची ओढ मोजली होती, आणि पुस्तकवाल्यांच्या आकड्याच्या एवढ्या जवळ पोचले होते. मी वही सरांपुढं धरली.

"सर, घड्याळ खराब आहे. माझा लॉग बरोबर होता."

मला वाटलं होतं, ते चपापतील. निदान घड्याळ हातात घेऊन कानाला तरी लावतील. सरांनी घड्याळ उचललं आणि ड्रॉवरमध्ये, त्याच चुंबकांशेजारी, ठेवून दिलं.

"पुढं पळतंय ते. दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "माहीत नाही का मला? म्हणून तर सगळ्यांना उलटं काढू देतो."

मला आधी कळेचना. मग कळलं. यांना माहीत होतं. बॅचसमोर मला आर्ट्सला जा म्हणाले तेव्हा माहीत होतं. चपला काढून उभ्या असलेल्या माझ्या आईला सुनावलं तेव्हाही माहीत होतं.

"मग मला लॉग येत नाही असं का म्हणालात?"

"उत्तर येत नाही म्हणजे लॉग येत नाही. सरळ हिशेब आहे."

"पण आता आलं की, सर. नऊशे सत्त्याहत्तर."

"ते नको." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "सगळ्यांचं नऊशे ऐंशी आहे. तुझं एकटीचं वेगळं दिसलं की तपासणारा विचारणार, हिचंच असं का? मग बाकीच्यांच्या वह्या उघडणार. कशाला नसता उद्योग? आणि फोन लॅबमध्ये चालत नाही, ते वेगळंच. नऊशे ऐंशी काढ, आत्ता सही करतो. नाहीतर आईला घेऊन ऑफिसात जा, शिफ्टचं बघून घ्या."

मी हलले नाही. अम्माला आमच्या बोलण्यातलं घड्याळ कळलं होतं की नाही कोण जाणे, पण ऑफिस आणि सही हे दोन शब्द तिला बरोबर कळले. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि तेलुगूत नाही, मराठीतच म्हणाली, सरांनाही ऐकू जावं म्हणून.

"लिही की गं. सर सांगायल्यात न्हवं? लिहिलं तर काय जातंय आपलं?"

काय जातंय आपलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिच्या घासून लाल झालेल्या बोटांकडे बघितलं, आणि बाकावर बसले.

खाली उत्तर लिहिलं, नऊशे ऐंशी. त्याचा लॉग बघितला. पायरी पायरीनं वर चढले. निम्मं करायचं तिथं निम्मं केलं, अँटिलॉगचं पान काढलं, टोकाच्या रकान्यातला बारीक आकडा न चुकता मिळवला. वीसनं गुणलं. ४०.१४. कुठेही खाडाखोड नाही. एवढ्या नीट मी आयुष्यात लॉग बघितला नव्हता.

सरांनी अंगठा जिभेला लावला, पान उलटलं आणि सही केली.

"बघ," ते मनापासून खूश होऊन म्हणाले, "आलं की नाही लॉग?" मग अम्माकडे वळून, "हुशार आहे हो पोरगी. जरा हट्टी आहे, एवढंच."

अम्मा दोन्ही हात जोडून किती वेळा वाकली ते मी बघितलं नाही. मी बाहेरच्या नळावर हात धूत होते. साबण नव्हता, तर माती घेऊन घासले.

परतीच्या बसमध्ये अम्मानं मला खिडकीची जागा दिली. गाडी सुटायच्या आत खाली उतरून गरम भजी घेऊन आली, मिरच्यांसकट, आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगायला लागली, "माजी पोरगी सायनला हाय. सरांनी आज सही दिली. हुशार हाय म्हनले." भज्याच्या कागदावर तेल पसरत होतं. मला तो कागद बघवेना. मी म्हटलं, भूक नाही.

पुढं मी बारावी झाले, आता बी.एस्सी. करते आहे, फिजिक्सच घेतलंय. लॉग चांगला येतो असं सगळे म्हणतात.

पण त्या दिवशी कुंभारीच्या फाट्याजवळ अम्मानं मला कोपरानं ढोसलं. माझ्या मांडीवर जर्नल होतं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावरचा सरांच्या अंगठ्याचा ओला डाग वाळून आकसला होता. तिनं हळू आवाजात, पुढच्या बाईला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "मला सांग की, लॉग लॉग म्हनतेत ते काय असतंय गं?"

मला सांगता आलं असतं. मोठ्या गुणाकाराची निमूट बेरीज कशी होते ते सांगितलं असतं तर तिलाही आवडलं असतं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "आधी उत्तर लिहायचं. मग मोजायचं."

"असं व्हय?" अम्माचा जीव भांड्यात पडला. "मग सोपं हाय की." आणि तिनं उरलेली भजी पुढच्या बाईला दिली.